हौसा कासारणीचे भुंडे हात

एका राज्यात एक पेठ होती, मोठ्या गर्दीची. इकडून बैलगाड्या, तिकडून घोडे, मधे राजाचा हत्ती. गाडी सोडून उभी करायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक थांबेना. तेव्हा राजा भद्रकेतूने जादूगाराला आज्ञा केली, "या रस्त्याला एकच दिशा दे. उरलेल्या अंगाला लोक गाड्या सोडतील."

पेठेच्या पूर्व वेशीला हौसा कासारीण बांगड्या विके, पश्चिम वेशीला अंबू कासारीण. दोघी एकेकाळच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. पण अंबूच्या ओट्यावर बायकांची रीघ लागली आणि हौसाच्या पोटात दुखू लागलं. अंबू हसली तरी हिचा जळफळाट, अंबूने नवी चोळी शिवली तरी हिच्या अंगाचा तिळपापड. अहो, ताप आला तर उतरतो तरी, हे काही उतरेना!

हौसा जादूगाराकडे गेली. "महाराज, रस्ता माझ्या दारापासून सुरू करा. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे यावं."

"मोल काय देशील?"

"मागाल ते."

"हातातल्या बांगड्या दे."

कासारणीचे हात, आणि भुंडे! पण हौसाने मागचापुढचा विचार न करता बांगड्या उतरवल्या. जादूगाराने त्या पूर्व वेशीत पुरून मंत्र म्हटला. त्या घटकेपासून पेठेत मागे वळणाऱ्याचं पाऊलच उचलेना, मग तो बैल असो की माणूस. घरी जायचं तर गावाबाहेरून वळसा घाला.

आता गंमत बघा. एका अंगाला गाड्या ओळीने उभ्या राहिल्या, बाजार फुलला. बायका आधी हौसाकडेच आल्या. तिने हौसेने माल मांडला, आणि जी ती म्हणे, "छान आहेत हो. जरा पुढे बघून येते."

बाजाराची रीतच ती. पूर्वी पुढे बघून निम्म्या तरी परत यायच्या. आता येणार कशा? सगळ्यांचे हात शेवटच्या दुकानात, अंबूकडे, भरू लागले. हौसाची चूल थंडावली. तिने स्वतःच्या हातात बांगडी चढवली, तीही तडकली.

दारातल्या लिंबावरची साळुंकी म्हणाली, "हौसे, तुझे हात भरले की शाप सुटेल. पण कासारणीने आपले हात आपण भरायचे नसतात. तीन कामं कर. अंबूच्या ओट्यावर जा, भुंडे हात पुढे कर, आणि खरं बोल."

"त्यापेक्षा उपाशी मरेन!"

"मर," साळुंकी म्हणाली.

शेवटी पोटाने अभिमानाला हरवलं. हौसा सगळी पेठ चालून गेली, ओट्यावर बसली, हात पुढे केले.

"अगं बाई! हात असे का?" अंबूने विचारलं.

"तुझ्यावर जळते मी. तुझं दुकान बसावं म्हणून मीच जादूगाराला बांगड्या दिल्या."

अंबूने बांगड्यांची पेटी पुढे ओढली. मग म्हणाली, "तुझ्या दुकानावर लिंबाची सावली. इथे दुपारभर ऊन. मी काय कमी जळले?" आणि तिने हौसाचा हात धरला. "सैल सोड."

शेवटची बांगडी मनगटावर आली, आणि रस्त्यातली एक म्हातारी सहज मागे वळून चालू लागली. राजाने दवंडी पिटवली, "गाड्या एका दिशेने, पावलं दोन्ही दिशांनी."

हौसा आली त्याच वाटेने परत गेली. दारात एक बाई उभी. "पुढे बघून आले हो. तुमच्याच बऱ्या."

हौसाने तिचे हात भरले. हौसाची जळजळ सगळी गेली म्हणावं, तर साळुंकी अजून लिंबावरच आहे, ती हसेल. पण दर सणाला दोघी एकमेकींचे हात भरतात, एवढं खरं.