पूजेचा हात

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बंद असायचं ते लोखंड कातायचं लेथ मशीन एके दुपारी गुणगुणताना जोतिबा मिस्त्रींनी ऐकलं, त्याला आता कैक वर्षं झाली. आत डोकावले, तर लोखंडाचा कीस झाडणारी मालन मशीन चालवत होती, आणि झकास चालवत होती. मिस्त्री तिला घेऊन मालकांकडे गेले.

"हिला लेथवर घ्या, मालक."

जिनगोंडा मालक हसले. "मिस्त्री, बाईचा हात लागला की मशीन बिघडतं. हिच्या हाती झाडूच बरा."

मालन झाडू उचलून कामाला लागली. त्या दिवसापासून सुट्टीत लेथच्या स्विचपेटीला कुलूप लागू लागलं, किल्ली मालकांच्या खिशात. मिस्त्रींना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

पुढं खंडेनवमी आली. मशिनांना झेंडूच्या माळा चढल्या, गावातले बडे पाहुणे येऊन बसले. मालक ऐटीत म्हणाले, "आमच्याकडं बायकांना फार मान. आज लेथची पूजा मालनच्या हातानं."

मालननं पूजेचं ताट घेतलंच नाही. "नको मालक. माझ्या हातानं मशीन बिघडतं, तुम्हीच म्हणालात."

पाहुणे मालकांकडं बघू लागले. मालक सावरून म्हणाले, "अगं, बाई म्हणजे लक्ष्मी. तुझा हात शुभच."

"सगळ्यांसमोर म्हणताय?"

"म्हणतोय की."

"मग दसरा झाल्यावर हाच हात लेथवर राहू दे. पूजेपुरता शुभ आणि कामाला अशुभ, असा हात कुणाच्या अंगाला असतो का, मालक?"

"पोरगी बरोबर बोलतीय," एक पाहुणे म्हणाले.

मालकांनी खिशातून लेथच्या स्विचपेटीची किल्ली काढली, ताटात नारळाशेजारी ठेवली, ताट मालनपुढं सरकवलं आणि केबिनकडं निघून गेले.