गांडुळांची परीक्षा

पेकिंगच्या दरबारी शाळेत दुव्हाल मास्तर चिनी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवत. परीक्षा घ्यायला मात्र येत फंग साहेब, ज्यांना फ्रेंचचा गंधही नव्हता. पण त्यानं त्यांचं काय अडणार? कुंचल्याचं अक्षर वळणदार तोच विद्वान, हे तिथल्या साऱ्या थोरामोठ्यांसारखं त्यांनीही ठरवून टाकलं होतं.

वर्गातल्या सर्वांत हुशार निंगचा कागद त्यांनी दोन बोटांनी उचलला.

"हे अक्षर आहे की गांडुळं? नापास! काढा याला शाळेतून!" आणि लाल शाईनं शेरा मारला.

"साहेब, मजकूर तरी बघा," मास्तर म्हणाले.

"अक्षर असलं, तर मजकुरात काय दिवे लावले असणार?"

तेवढ्यात शिपाई धापा टाकत आला. किनाऱ्यावर फ्रेंच लढाऊ जहाजं उभी होती आणि त्यांच्या सेनापतीनं खलिता धाडला होता. फंग साहेबांनी तो घाईघाईनं मास्तरांपुढे धरला.

"मास्तर, वाचा लवकर!"

मास्तरांनी खलिता उघडला, नाक मुरडलं आणि परत गुंडाळला.

"गांडुळंच आहेत, साहेब. सेनापती नापास. जहाजं परत पाठवून द्या."

लाल शेरा अजून ओला होता. फंग साहेबांनी तो स्वतःच्या रेशमी बाहीनं पुसून काढला.