आईच्या नावानं मागितलेली खोली

खंडेराव घोटेकरांना वेशीजवळच्या आपल्या खोलीत दुकान काढायचं होतं. पण तिथल्या भाडेकरू, विधवा द्वारकाबाईंना दुसरा आसरा नव्हता; त्या खोली सोडेनात. घोटेकरांचे वकील म्हणाले, "खोली म्हाताऱ्या आईला राहायला हवी, असं सांगू. आईचं नाव काढलं की कोर्ट विरघळतं."

कोर्टात वकिलांनी दरडावलं, "बाई, आईची सोय करणाऱ्या मुलाच्या आड येता?"

"नाही हो दादा. फक्त आई आज कुठे आहे, ते त्यांना विचारा."

"बहिणीकडे गेलीय," घोटेकर अडखळत म्हणाले.

द्वारकाबाईंनी न्यायाधीशांना हात जोडले. "साहेब, चातुर्मासात एका उपाशी जिवाला जेवू घालूनच जेवायचं, असं माझं व्रत होतं. पहिल्याच दिवशी दारात यांची आई उभी, घरातून काढलेली. तेव्हापासून ती माझ्याजवळच राहते. खोली आईसाठीच हवी ना? मग ती तिथेच आहे. तिनं ठेवलं, तर मीही राहीन."

दावा फेटाळला गेला.

बाहेर बाकावर म्हातारी बसली होती. लेकाला पाहून ती उठली. "खंडू, बरा आहेस ना रे?"

घोटेकर वकिलांकडे वळले. "वरच्या कोर्टात जाता येईल का?"