विसूशेटची वाफेची मोटार

कुंभेरी गावात विसूशेट नावाचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी राहत. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक मोटार होती. ती पेट्रोलवर नव्हे, वाफेवर चालायची. पुढच्या झाकणाखाली बॉयलर आणि त्याखाली रॉकेलची शेगडी. पाणी उकळलं, वाफ धरली, की गाडी आवाज न करता निघायची.

विसूशेटचा तिच्यावर फार जीव. दर रविवारी ते बाह्या सारून बसत. बॉयलरमधलं गढूळ पाणी सोडून देत, साचलेला क्षार काढत, सांध्यासांध्याला तेल देत. बायको यमुताई म्हणायच्या, "माझ्या पातेल्यांना एवढं घासलं असतंत, तर त्यांचं सोनं झालं असतं." विसूशेट हसत आणि पुन्हा फडकं उचलत.

घाटापलीकडे वाकणी गावात देवीची जत्रा भरे. त्या वर्षी तिथल्या पंचांनी जुन्या मोटारी बोलावल्या. जी गाडी आधी पोचेल, तिच्यातून देवीचा मुखवटा मिरवायचा, असं ठरलं. तो मान आपल्याला मिळावा, असं विसूशेटना मनापासून वाटत होतं.

जत्रेच्या सकाळी यमुताईंना शेजारी बसवून ते निघाले. घाटाच्या पायथ्याशी ही गर्दी! "काय गाडी आहे! ना धूर, ना आवाज!" कुणी हार घातला, कुणी नारळ फोडला. विसूशेट फुलून गेले. तिथल्या विहिरीवर गाडीत पाणी भरून घ्यायचं होतं, ते कौतुकाच्या नादात राहूनच गेलं.

अर्धा घाट चढल्यावर यमुताई म्हणाल्या, "अहो, बॉयलरचं पाणी दाखवणाऱ्या त्या काचेच्या नळीत काहीच दिसत नाही."

विसूशेटनी लगेच शेगडी बंद केली आणि गाडी कडेला घेतली. बॉयलर कोरडा पडून तापला होता. मागच्या पेट्रोलच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या.

जवळच झरा होता. पायी निघालेले जत्रेकरू थांबले. एकाने कळशी भरून आणली. "ओता शेट! अजूनही गाठाल त्यांना!"

विसूशेटचे हात शिवशिवले. पण तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी पडलं तर तो तडकेल, वाफ उसळून माणसं भाजतील, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कळशी खाली ठेवली.

"नाही. पार निवेपर्यंत थांबावं लागेल."

"म्हणजे गाडी बिघडली म्हणा की!"

हो म्हणणं सोपं होतं. एवढी जुनी गाडी, कुणाला शंकाही आली नसती. पण विसूशेट म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. पाणी भरायचं मीच विसरलो."

लोक हसत पुढे गेले. विसूशेटना वाईट वाटलं, पण मन हलकंही झालं. दोघांनी झाडाखाली बसून भाकरी-ठेचा खाल्ला. बॉयलर निवल्यावर पाणी भरलं, शेगडी पेटवली आणि वाफ धरेपर्यंत वाट पाहिली.

वाकणीत पोचले तेव्हा मिरवणूक संपली होती. घाटातली हकीकत मात्र गावभर झाली होती. देवळाचे म्हातारे गुरव पुढे आले. "शेट, उद्या आमच्या म्हाताऱ्या बायांना डोंगरावर देवीच्या मूळ ठाण्याला न्याल का? मुखवटा आम्ही पहिल्या आलेल्या गाडीत दिला. माणसं बसवायची, तर ती तुमच्या गाडीत."

दुसऱ्या दिवशी विसूशेटनी आधी पाणी भरलं, मगच बायांना बसवलं. यमुताई बायांसोबत मागे बसल्या. वाट वळणावळणाची, एका बाजूला खोल दरी. गाडी सावकाश वर चढली. ठाणं आलं तेव्हा विसूशेटनी वळून पाहिलं, तर सगळ्यांत थोरली आजी यमुताईंच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती.

त्यांनी तिला उठवलं नाही. चाक धरून तसेच बसून राहिले. मुखवटा मिळाला असता तरी एवढं समाधान झालं नसतं, असं त्यांना वाटलं.

तात्पर्य: आपली चूक आपल्या तोंडाने सांगून जो थांबतो, तो मागे पडतो खरा, पण जीव सोपवायची वेळ आली, की लोक त्याच्याच हाती सोपवतात.