उकिरड्यातलं गुपित

कोंबड्या बोलायच्या आणि माणसं गुमान ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. तुरेराव कोंबडा उकिरड्याच्या शेंड्यावर चढून आरवला, "बायांनो, तळ्यातली कासवं आपल्यावर चालून येणार! त्याआधी आपणच त्यांना हाणू. आपापली पोरं पाठवा!"

ठिपकी कोंबडीनं आपली पिल्लं जवळ ओढली. तिची पाच पिल्लं होती. त्यातली दोन गेल्या साली बदकांच्या लढाईत गेली. बदकांनी पंखांखाली सुरे लपवलेत, असं तेव्हाही हाच ओरडला होता. निघाली नुसती पिसं.

"कासवं आज निघाली, तर पोचतील कधी रे?" ठिपकीनं विचारलं. साऱ्या जणी खुदुखुदु हसल्या.

"दात काढू नका! पाठीवर झाकण कशाला लागतं त्यांना? आत हत्यारं आहेत!"

"पुरावा दाखव, मेल्या."

"आहे की! इथंच माझ्या पायाखाली पुरलाय. पण गुपित आहे. कुणी उकरायचं नाही."

उकरू नका, आणि तेही कोंबड्यांना! ठिपकीनं पहिला पाय मारला, तशा साऱ्या तुटून पडल्या. कचरा उडाला, गांडुळं निघाली, पिल्लांची चंगळ झाली. तुरेराव "फितूर! फितूर!" म्हणून बोंबलत होता आणि बोंबलता बोंबलता खाली खाली येत होता, कारण उकिरडाच सपाट होत चालला होता. शेवटी तो भुईवर, ठिपकीच्या पुढ्यात उभा राहिला.

ठिपकीनं चोच पुसली. "पुरावा काही निघाला नाही. तुला लढायचंच असेल, तर तळं त्या अंगाला आहे. जा. माझी पोरं जेवतायत."