एकही मेली नाही

दोष टिल्लू मॅडमचाच. आयुष्यात कुणाला नापास केलं नाही, आणि यालाच शिकवणं समजल्या. असली गोड म्हातारी माणसंच पोरांचं वाटोळं करतात.

"एकही मेली नाही?" मॅडमनी विचारलं.

"एकही नाही!" शंतनूने बशी उजेडात धरली.

बशीत मोहरीएवढे गोळे. त्याच्याच रक्तापासून लॅबमध्ये वाढवलेले ऑर्गनॉइड. आपल्या छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, तिची ही इवली नक्कल. कोवळ्या पेशी इथे शिकतात आणि जंतूंशी लढणारे शिपाई होऊन बाहेर पडतात.

"बाकीच्यांच्या बशीत बहुतेक सगळ्या मरतात, मॅडम. आपल्याकडे शंभर टक्के निकाल. हे दाखवलं की पीएचडी झालीच."

"का मरतात रे त्या?"

"परीक्षा असते. आपलं कोण, परकं कोण. आपल्याच शरीरावर उठली, की ती पेशी तिथेच संपते."

"मग तुझ्या का नाही संपल्या?"

"एक औषध घालतो. मरायला आलेली पेशीसुद्धा जगते."

मॅडम बशीकडे वाकून पाहू लागल्या.

"तुम्हीच म्हणता ना, माझ्याकडून कुणी नापास होऊन जात नाही?"

मॅडम उठल्या. एका गोळ्याभोवतीच्या पेशी सिरिंजमध्ये ओढून घेतल्या.

"बाही वर कर."

"काय?"

"तुझंच रक्त, तुझ्याच पेशी. सगळ्या पास झालेल्या. घे टोचून."

शंतनू हसला. मॅडम हसल्या नाहीत. सुई पुढे आली.

त्याने हात मागे घेतला.

"का रे? पास आहेत ना?"

"यातल्या कुठल्या माझ्यावरच उठतील, मला माहीत नाही, मॅडम."

सुई तशीच हवेत राहिली. मग त्यानेच ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि ब्लीचच्या भांड्यात रिकामी केली. बशीही त्यातच बुडवली. कुणी सांगितलं नव्हतं.

हात पुसताना त्याचा चेहरा विचित्र शांत होता. पोटातला खडा निघाल्यासारखा.

"म्हणजे... मी नापास?"

मॅडम खुर्चीत टेकल्या. इतक्या समाधानाने बसलेलं त्यांना त्या लॅबमध्ये कुणी पाहिलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "माझा पहिला विद्यार्थी. वर्ष गेलं तुझं."