टिचलेली बांगडी

तळ्याकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध कासारीण राहत असे. दुपारचे ऊन दुकानात शिरले, की टांगलेल्या बांगड्यांचे रंग जमिनीवर तरंगू लागत आणि आलेल्या बायकांना आपण पाण्याखाली बसलो आहोत असे वाटे. तिच्या हाताखाली एक तरुण शिष्या बांगड्या भरायला शिकत होती.

शिष्येची बालमैत्रीण त्याच गावात सून होऊन आली होती. एकदा ती बांगड्या भरायला आली, तेव्हा तिच्या मनगटावरचे काळेनिळे वळ पाहून शिष्येचा जीव कळवळला. "आत्ताच्या आत्ता सोड त्या नवऱ्याला! तुला स्वाभिमान नाही का?" ती कडाडली. बोलणे मायेचे होते; पण जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. मैत्रिणीने हात मागे घेतला आणि पुढे तीन महिने ती दुकानाकडे फिरकलीच नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी सासूने तिला पुन्हा धाडले. वृद्धेने हिरव्या बांगड्या भरल्या; भरताना ती तिच्याशी हलक्या आवाजात काही बोलली. शेवटची बांगडी मात्र बद्द वाजली. ती टिचलेली होती!

मैत्रीण गेल्यावर शिष्या संतापली. "मावशी, जन्मात तुम्ही कुणाला खोटा माल दिला नाहीत. मग त्या बिचारीलाच का?"

"अगं, चांगली बांगडी वर्षभर टिकते," वृद्धा म्हणाली. "मग तिला घराबाहेर सोडणार कोण? टिचलेली बांगडी सवाशिणीच्या हातात नको, म्हणून सासूच तिला पाठवेल. इथे ती रडेल, बोलेल, नाहीतर गप्प बसेल. माझं घर तिच्यासाठी उघडं आहे, एवढं मी सांगितलंय. निघायचं कधी, ते तिला ठरवू दे. घाई तू करशील आणि मार ती खाईल."

शिष्येला आपल्याच शब्दांची लाज वाटली.

मग दर थोड्या दिवसांनी मैत्रीण येऊ लागली आणि दर खेपेला एक टिचलेली बांगडी घेऊन जाऊ लागली. सासू कासारणीच्या नावाने बोटे मोडी, पण सुनेला पाठवी. शिष्या तिचा हात हातात घेऊन नुसती ऐकत राही. ऐकणे तिला फार जड गेले.

श्रावणातल्या एका दुपारी मैत्रीण अनवाणी आली. कडेवर लेक होती. "आज बांगड्या नकोत गं," ती म्हणाली. "मावशींकडे राहता येईल?"

शिष्येच्या ओठांवर शंभर प्रश्न आले. तिने एकही विचारला नाही. लेकीला आपल्या कडेवर घेतले, स्वतःच्या चपला मैत्रिणीपुढे सरकवल्या आणि म्हणाली, "चल. पोर भुकेली असेल."